वैयाकरण मोरो केशव दामले

कवी केशवसुत हे नाव शाळेत गेलेल्या प्रत्येकाला ठाऊक असते. त्यांचे धाकटे बंधू मोरो केशव दामले यांचे नाव मात्र बहुतेक विद्यार्थ्यांना भेटते ते व्याकरणाच्या पुस्तकातील मतभेदांच्या परिच्छेदात, नि तेथेच ते सोडूनही दिले जाते. मीही तसेच सोडले होते. पुढे भूतकाळाच्या एका अडचणीमुळे मला त्यांच्याकडे पुन्हा जावे लागले.

मोरोपंतांचा जन्म १८६८ चा. केशवसुत त्यांच्यापेक्षा दोन वर्षांनी मोठे. वडील केसोपंत हे शाळामास्तर होते. पुढे ते मुरूडच्या रावसाहेब विश्वनाथ नारायण मंडलिकांच्या खोतीची व्यवस्था पाहू लागले आणि दामल्यांचे बिऱ्हाड दापोलीजवळ वळणे गावी आले. मुरूड म्हणजे आमच्या आंजर्ल्याच्या खाडीपलीकडे, हर्णैच्या पुढचे गाव. त्यामुळे हे घराणे मला परके वाटत नाही. या घरातला एक मुलगा कवी झाला, एक वैयाकरण झाला, आणि धाकटे सीतारामपंत कादंबरीकार नि पत्रकार झाले. खोताच्या कारभाऱ्याच्या घरात एवढी अक्षरे कुठून आली याचे मला नवल वाटते. असो.

मोरोपंत एम. ए. झाले आणि ग्वाल्हेर संस्थानातील उज्जैनच्या माधव कॉलेजात तत्त्वज्ञानाचे प्राध्यापक झाले. तेथे त्यांनी अनेक वर्षे काढली. विषय तत्त्वज्ञान नि तर्क, भोवतालची बोली हिंदी, आणि डोक्यात मात्र मराठीचे व्याकरण! परंतु ही विसंगती वरवरची आहे. त्यांच्या व्याकरणात जी शिस्त दिसते ती तर्कशास्त्राची होय. एखादी व्याख्या घ्यायची, ती कोठे कमी पडते नि कोठे जास्त पसरते ते पाहायचे, आधीच्या वैयाकरणांची मते एकेक करून तपासायची, आणि मग स्वतःचा निर्णय द्यायचा, अशी त्यांची रीत आहे.

आधीच्यांचे काम लहान नव्हते. दादोबा पांडुरंग तर्खडकरांनी १८३६ साली मराठीचे व्याकरण लिहिले, तेव्हा त्यांच्यापुढे इंग्रजी व्याकरणाचा नमुना होता. दुसरीकडे संस्कृतचा वारसा होताच. या दोन्ही चौकटींत मराठी क्रियापद नीट मावत नाही. माझी अडचण नेमकी हीच होती.

एक साधे वाक्य घ्या. ‘तो हर्णैला गेला.’ काम एकदा झाले नि संपले. ‘तो हर्णैला जाई’ म्हटले की तो त्याचा नेम झाला. किती वेळा गेला हे कोणी मोजत नाही. ‘जात होता’ म्हटले तर ऐकणारा थांबतो, कारण वाटेत काहीतरी घडले असणार. ‘गेला होता’ म्हणजे आता परतला आहे. आणि ‘गेला आहे’ म्हणजे त्याच्या वाटचा भात अजून झाकून ठेवलेला आहे. गावाचे नाव गाळून नुसते ‘तो गेला’ म्हटले तर घरात रडारड होते. पाचही वाक्ये मागच्याच गोष्टीची, आणि एकाच्या जागी दुसरे चालत नाही.

ही कटकट आपल्याच भाषेत आहे असे नाही. स्पॅनिश भाषेत ‘गेला’ला ‘फुए’ आणि ‘जाई’ला ‘इबा’ अशी दोन वेगळी रूपे आहेत, आणि कोठे कोणते घालावे यात परदेशी विद्यार्थ्यांची दमछाक होते. अंतोनियो दे नेब्रिहाने त्या भाषेचे व्याकरण १४९२ साली, म्हणजे कोलंबस निघाला त्याच वर्षी, प्रसिद्ध केले. परंतु स्पॅनिशचे ‘इबा’ हे ‘जाई’ आणि ‘जात होता’ या दोहोंचे काम करते. आपल्याकडे त्यांची वाटणी झालेली आहे.

आता दामल्यांकडे येऊ. त्यांच्या व्याकरणात क्रियापदाच्या रूपांना अर्थावरून नव्हे, तर प्रत्ययावरून नावे आहेत : ताख्यात, लाख्यात, वाख्यात, ईलाख्यात. प्रथम ही नावे मला औषधांच्या बाटल्यांवरची वाटली. मग त्यांतले शहाणपण ध्यानात आले. खाडीवर पूल होण्यापूर्वी लोक तरीने पलीकडे जात. तर सुटण्याच्या बेतात असली म्हणजे उतारावरून धावत येणारा ओरडे, ‘थांब, आलो!’ तो आलेला नसे, यायचा असे. तरी रूप ‘आलो’. त्याला भूतकाळ म्हणावे तर खोटे पडते, लाख्यात म्हटले तर खोटे पडत नाही. ‘जाई’, ‘करी’ या ई-आख्याताचेही तसेच. ज्ञानेश्वरांच्या काळी ‘करी’ म्हणजे ‘करतो’. तो वर्तमानकाळ हळूहळू मागे सरकून रीतिभूतकाळ झाला. ‘खाई त्याला खवखवे’ या म्हणीत मात्र तो जुन्या अर्थाने अजून जिवंत आहे.

याहून मोठी गोष्ट अशी की भूतकाळ बदलला की सारे वाक्यच हलते. ‘आजी भात शिजवी’ यात क्रियापद आजीचे ऐकते. ‘आजीने भात शिजवला’ म्हणताच आजीला ‘ने’ लागतो आणि क्रियापद भाताच्या मागे जाते. पेज केली तर ‘शिजवली’ होते. याचे कारण दोन्ही रूपांचे कूळ वेगळे. ‘ला’चे मूळ संस्कृतातील ‘कृत’, ‘गत’ अशा धातुसाधितांत आहे, ‘ई’चे वर्तमानकाळात. प्रयोगांचा हा गुंता दामल्यांनी फार विस्ताराने तपासला आहे. तो वाचताना दम लागतो हे मी लपवीत नाही.

आणि माझे स्वतःचे एक सांगते. आमच्या घरी ‘जाई’ कोणीच म्हणत नाही. आजोबांच्या गोष्टी ‘जायचे’, ‘आणायचे’, ‘बसायचे’ अशाच निघतात. शाळेत असताना मी निबंधात तसे लिहिले आणि ते तांबड्या शाईने खोडले गेले. ते अशुद्ध, म्हणजे आम्हीच अशुद्ध, असे मला पुष्कळ दिवस वाटत राहिले. व्याकरणात या रूपाला चाख्यात असे नाव आहे, ते लाख्याताच्याच पंक्तीत बसते, हे कळले तेव्हा मी ती ओळ आईला वाचून दाखविली. तिला हसू आले. आपण बोलतो त्याला नाव असते हेच तिला नवीन होते.

१९०५ च्या नोव्हेंबरात हुबळीला प्लेगने केशवसुत गेले. वय एकोणचाळीस. पाठोपाठ काही दिवसांत त्यांच्या पत्नीही गेल्या. मोरोपंत पुढे उज्जैन सोडून पुण्यास आले आणि नूतन मराठी विद्यालयात शिक्षक झाले. कॉलेजातून शाळेत येणे कोणाला उतार वाटेल, पण १९११ साली ‘शास्त्रीय मराठी व्याकरण’ हा सुमारे हजार पृष्ठांचा ग्रंथ बाहेर पडला तो याच काळात. त्यानंतर त्यांना जेमतेम दोन वर्षे मिळाली. १९१३ साली, पंचेचाळिशीच्या आतच, ते वारले. १९७० साली कृ. श्री. अर्जुनवाडकरांनी संपादून तो ग्रंथ पुण्याच्या देशमुख आणि कंपनीतर्फे पुन्हा वाचकांसमोर आणला.

या लेखाचा पहिला खर्डा मी सगळा लाख्यातात लिहिला होता : जन्मले, शिकले, शिकविले, लिहिले, वारले. वाचून पाहिला तर पाच ओळींत माणूस संपला. ज्याने एवढे व्याकरण रचले तो एका दिवसात काही रचीत नाही. वर्गावरून आल्यावर रोज थोडे थोडे होत असणार. तेव्हा उज्जैनची ओळ मी पुन्हा लिहिते : तेथे ते तत्त्वज्ञान शिकवीत आणि मराठीचा विचार करीत.