इंधनाच्या थेंबाथेंबाचा हिशेब मांडणारे रुडॉल्फ डिझेल

दक्षिण जर्मनीतील ऑग्सबर्ग शहरातील यंत्रकारखान्यात १७ फेब्रुवारी १८९७ रोजी एकाच सिलिंडरच्या एका उंच, उभ्या इंजिनाची अधिकृत चाचणी झाली. म्युनिकच्या तंत्रशिक्षण संस्थेतील प्राध्यापक मोरित्स श्रोटर यांनी स्वतः मोजमापे घेतली. मिनिटाला १५४ फेरे घेत या इंजिनाने सुमारे १८ अश्वशक्ती दिली. एक अश्वशक्ती तासभर मिळविण्यासाठी त्याला २३८ ग्रॅम इंधन पुरले. इंधनात दडलेल्या उष्णतेपैकी २६.२ टक्के उष्णता प्रत्यक्ष कामी आली, असा निष्कर्ष निघाला. त्या काळातील वाफेची इंजिने कोळशातील उष्णतेचा दहावा हिस्साही क्वचितच कामी लावीत. या आकड्यासाठी आयुष्याची उमेदीची वर्षे वेचणारे अभियंता रुडॉल्फ डिझेल तेव्हा ३८ वर्षांचे होते.

रुडॉल्फ यांचा जन्म १८ मार्च १८५८ रोजी पॅरिस येथे झाला. त्यांचे आईवडील मूळचे जर्मनीतील बव्हेरिया प्रांताचे. वडील थिओडोर हे ऑग्सबर्गहून पॅरिसला येऊन स्थायिक झालेले पुस्तकबांधणीचे कारागीर होते; पुढे ते चामड्याच्या वस्तू बनवू लागले. तयार माल हातगाडीवरून गिऱ्हाइकांकडे पोहोचविण्याचे काम लहानग्या रुडॉल्फकडे असे. सवड मिळताच तो पॅरिसच्या तंत्रसंग्रहालयात जाऊन जुनी यंत्रे न्याहाळीत बसे. १८७० मध्ये फ्रान्स आणि प्रशिया यांच्यात युद्ध पेटले आणि जर्मन कुटुंबांना पॅरिस सोडणे भाग पडले. डिझेल कुटुंब लंडनला गेले. तेथून बारा वर्षांच्या रुडॉल्फला शिक्षणासाठी ऑग्सबर्गला नातेवाइकांकडे धाडण्यात आले. त्याचे यजमान गणिताचे शिक्षक होते. अभियंता होण्याचा निश्चय त्याने याच घरी केला.

मुलाने लवकर कमावते व्हावे, अशी आईवडिलांची अपेक्षा होती. मात्र गुणवत्तेच्या बळावर शिष्यवृत्ती मिळवून रुडॉल्फ १८७५ मध्ये म्युनिकच्या तंत्रशिक्षण संस्थेत दाखल झाले. शीतकरण यंत्रांचे प्रवर्तक कार्ल फॉन लिंडे हे तेथे त्यांचे प्राध्यापक होते. उष्णतेपासून जास्तीत जास्त किती काम मिळू शकते, याचा सिद्धांत फ्रेंच अभियंता सादी कार्नो यांनी १८२४ मध्येच मांडला होता. प्रत्यक्षातील वाफेचे इंजिन त्या मर्यादेच्या किती खाली राहते, हे लिंडे यांच्या व्याख्यानांतून या विद्यार्थ्याच्या लक्षात आले. जाळलेल्या कोळशाचा बहुतेक भाग धुराड्यावाटे आणि थंड पाण्यावाटे वाया जातो, ही गोष्ट त्याच्या मनाला कायमची टोचत राहिली. विषमज्वरामुळे १८७९ मधील अंतिम परीक्षा हुकली. परंतु १८८० च्या जानेवारीत ते अत्युच्च गुणांनी उत्तीर्ण झाले.

त्यानंतर लिंडे यांनी आपल्या या शिष्याला पॅरिसच्या बर्फ कारखान्यात घेतले. तेथे डिझेल यांची नोकरी स्थिरावली. १८८३ मध्ये मार्था फ्लाशे यांच्याशी त्यांचा विवाह झाला आणि पुढे त्यांना तीन अपत्ये झाली. दिवसा शीतयंत्रांची कामे आणि उरलेल्या वेळात स्वतःचे प्रयोग, असा त्यांचा क्रम होता. पाण्याच्या वाफेऐवजी अमोनियाच्या वाफेवर चालणारे इंजिन बनविण्यात त्यांची कित्येक वर्षे गेली. ते इंजिन यशस्वी झाले नाही. परंतु प्रचंड दाबाखालील वायूंची वर्तणूक त्यांना जवळून कळली. १८९० मध्ये ते बर्लिनला गेले. एव्हाना वाफेचा नाद सुटून हवेवर त्यांचे लक्ष केंद्रित झाले होते.

सायकलमध्ये हवा भरताना पंपाचे टोक तापते, हा अनुभव सर्वांना आहे. हवा दाबली की ती तापते. डिझेल यांच्या कल्पनेचे मूळ याच साध्या गोष्टीत होते. निकोलाउस ऑटो यांच्या इंजिनात इंधन आणि हवा यांचे मिश्रण आधी दाबले जाई व नंतर बाहेरून ठिणगी देऊन पेटविले जाई. हे मिश्रण फार दाबले, तर ते वेळेआधीच पेटते. त्यामुळे दाबाला मर्यादा पडत असे. डिझेल यांनी केवळ हवा दाबण्याचे ठरविले. हवा दाबून इतकी तापवायची की, त्याच क्षणी आत सोडलेले इंधन ठिणगीवाचून पेट घेईल. दाबाचे प्रमाण जितके अधिक, तितकी इंधनातील उष्णता अधिक कामी येते. काटकसरीचे मर्म ठिणगी टाळण्यात नसून या अधिक दाबात होते.

या पद्धतीच्या एकस्वासाठी त्यांनी बर्लिन येथे १८९२ च्या फेब्रुवारीत अर्ज केला व पुढील वर्षी त्यांना एकस्व मिळाले. १८९३ मध्येच त्यांनी या इंजिनाची उपपत्ती पुस्तकरूपाने मांडली. मात्र त्यातील मूळ आराखडा व्यवहारात उतरण्याजोगा नव्हता. हवा वातावरणाच्या २५० पट दाबापर्यंत नेण्याची आणि जळताना तापमान वाढू न देण्याची त्यांची योजना होती. असे यंत्र स्वतःचे घर्षण भागविण्यापुरतेही काम जेमतेम देऊ शकेल, हे पुढे त्यांनाच उमगले. त्यांनी दाब बराच कमी केला, ज्वलनाची पद्धत बदलली आणि दुसरे एकस्व घेतले. पहिल्या एकस्वात एक आणि यंत्रात दुसरेच, हा विसंगतीचा मुद्दा प्रतिस्पर्ध्यांनी पुढे अनेक वर्षे त्यांच्याविरुद्ध वापरला.

हाइनरिश फॉन बुत्स यांच्या नेतृत्वाखालील ऑग्सबर्गचा यंत्रकारखाना आणि एसेनचा क्रुप उद्योग यांनी प्रयोगांचा भार उचलला. १० ऑगस्ट १८९३ रोजी पहिल्या इंजिनात इंधन सोडताच आत जबरदस्त स्फोट झाला व दाब मोजणारे उपकरण उडून गेले. यंत्र चालले नाही, परंतु दाबलेल्या हवेत इंधन आपोआप पेटते, हे सिद्ध झाले. १७ फेब्रुवारी १८९४ रोजी सुधारलेले इंजिन प्रथमच स्वतःच्या बळावर सुमारे मिनिटभर फिरले. त्यानंतर बरोबर तीन वर्षांनी श्रोटर यांची चाचणी झाली.

कीर्ती आणि पैसा दोन्ही वेगाने आले. अमेरिकेतील मद्यउद्योजक अडॉल्फस बुश यांनी त्यांच्या देशापुरते हक्क दहा लाख मार्क देऊन घेतले. रशियात इमॅन्युएल नोबेल यांनी परवाना मिळविला. १८९८ मध्ये स्थापन झालेल्या कंपनीकडे डिझेल यांनी आपले हक्क ३५ लाख मार्कांना सोपविले. मोबदल्याचा मोठा भाग समभागांच्या रूपात होता. पण प्रयोगशाळेत उत्तम चाललेले इंजिन गिऱ्हाइकाच्या कारखान्यात गेले की कुरकुरत असे. सुरुवातीची कित्येक यंत्रे परत आली. एकस्वाचे दावे, प्रवास आणि अतिश्रम यांनी डिझेल यांची प्रकृती ढासळली व त्यांना विश्रामधामात दाखल व्हावे लागले. म्युनिकमध्ये त्यांनी आलिशान निवासस्थान बांधले, गॅलिशियातील तेलविहिरींत व जमिनींच्या व्यवहारांत पैसा गुंतविला आणि त्यात मोठा तोटा सोसला. इंधनाचा ग्रॅम न् ग्रॅम मोजणाऱ्या या माणसाला स्वतःच्या संपत्तीचा ताळमेळ राखता आला नाही.

इंजिनाने मात्र आपली वाट काढली. १९०० च्या पॅरिस प्रदर्शनात त्याला सर्वोच्च पारितोषिक मिळाले. तेथे मांडलेले एक डिझेल इंजिन चक्क भुईमुगाच्या तेलावर चालले आणि ते खनिज तेलासाठी बनविलेले आहे, हे फारच थोड्या प्रेक्षकांच्या ध्यानी आले. वनस्पती तेले हे उद्याचे इंधन ठरू शकेल, हा विचार डिझेल यांनी पुढे आवर्जून मांडला. भारतात करंज आणि मोगली एरंडाच्या तेलापासून बायोडिझेल बनविण्याचे जे प्रयत्न झाले, त्यांचा धागा येथपर्यंत मागे नेता येतो. १९१२ मध्ये कोपनहेगनहून बँकॉककडे निघालेल्या सेलँडिया या डॅनिश मालवाहू जहाजाने महासागरावरही या इंजिनाची उपयुक्तता पटवून दिली.

२९ सप्टेंबर १९१३ च्या सायंकाळी डिझेल बेल्जियममधील अँटवर्प बंदरात ड्रेस्डेन या आगबोटीवर चढले. इंग्लंडमधील इप्सविच येथे डिझेल इंजिनांच्या नव्या कारखान्याच्या कार्यक्रमाला त्यांना जायचे होते. दोघा सहकाऱ्यांसमवेत भोजन करून रात्री दहाच्या सुमारास ते आपल्या खोलीत गेले. सकाळी सव्वासहाला उठविण्याची सूचना त्यांनी देऊन ठेवली होती. सकाळी खोली रिकामी होती. बिछान्यावर कोणी झोपल्याची खूण नव्हती. डेकवरील कठड्यापाशी त्यांची टोपी आणि नीट घडी घातलेला ओव्हरकोट मिळाला. सुमारे दहा दिवसांनी एका डच बोटीला उत्तर समुद्रात मृतदेह आढळला. खलाशांनी खिशातील वस्तू काढून घेऊन देह पुन्हा समुद्राच्या स्वाधीन केला. त्या वस्तू वडिलांच्याच असल्याचे मुलगा ऑयगेन याने ओळखले. हत्येच्या अनेक अफवा उठल्या. परंतु डिझेल कर्जात पुरते बुडालेले होते, हे त्यांच्या मागे राहिलेल्या कागदपत्रांतून उघड झाले. मृत्यूचे निश्चित कारण कधीच सिद्ध झाले नाही.

डिझेल यांच्या हयातीतील इंजिन अवजड होते, कारण इंधन आत फवारण्यासाठी वेगळा हवादाबक लागत असे. १९२७ पासून बॉश यांचे इंधनपंप मोठ्या प्रमाणावर तयार होऊ लागले आणि ही अडचण सरली. १९३६ मध्ये मर्सिडीझ-बेंझची डिझेलवरील मोटार बाजारात आली. भारतात १९४६ मध्ये पुण्यात किर्लोस्कर ऑइल इंजिन्सची स्थापना झाली आणि शेतकऱ्यांच्या विहिरींवर ही इंजिने धडधडू लागली. १९६४ पासून वाराणसीच्या कारखान्यातून डिझेल रेल्वे इंजिने बाहेर पडू लागली.

या इंजिनाच्या काटकसरीचे आणखी एक कारण रस्त्यावर प्रकर्षाने जाणवते. वाहनाला पूर्ण ताकद क्वचितच लागते. सपाट रस्त्यावर संथ गतीने जाताना तिचा लहानसा हिस्सा पुरतो. डिझेल इंजिनात ताकद कमी करायची तर इंधन कमी सोडले जाते, हवेची वाट मोकळीच राहते. पेट्रोल इंजिनात हवा आणि इंधनाचे प्रमाण ठरावीक राखावे लागते. म्हणून थ्रॉटलची झडप मिटून हवाच अडविली जाते. अशा अर्धवट मिटलेल्या वाटेतून हवा ओढून घेण्यात पिस्टनची शक्ती, म्हणजेच पर्यायाने इंधन, वाया जाते.

ही नासाडी टाळण्यासाठी अभियंत्यांनी काही सिलिंडरांना तात्पुरती विश्रांती देण्याची युक्ती काढली. भार कमी असताना निम्म्या सिलिंडरांचे इंधन थांबविले जाते व त्यांच्या झडपा बंद ठेवल्या जातात. आत कोंडलेली हवा स्प्रिंगसारखी दाबली जाते आणि पुन्हा फुलते, त्यामुळे तिच्यावर खर्च झालेली बरीचशी शक्ती परत मिळते. सगळा भार उरलेल्या सिलिंडरांवर येतो, थ्रॉटल अधिक उघडावा लागतो आणि हवा ओढण्याची ओढाताण कमी होते. १९८१ मध्ये अमेरिकेतील कॅडिलॅक मोटारींत आठ सिलिंडरांपैकी दोन किंवा चार बंद करण्याची सोय आली. परंतु त्या वेळची इलेक्ट्रॉनिक नियंत्रणे पुरेशी चपळ नव्हती आणि बहुतेक मोटारींतून ती वर्षभरातच काढून टाकली गेली. वेगवान संगणकीय नियंत्रणे हाती आल्यावर हे तंत्र पुन्हा रुजले. पुण्याजवळील चाकण येथे तयार होणाऱ्या काही मोटारींच्या चार सिलिंडरांच्या पेट्रोल इंजिनांतही ते आहे. काजळी आणि नायट्रोजनची ऑक्साइडे यांमुळे आज डिझेल इंजिनावर शहरोशहरी निर्बंध येत आहेत. धूर शुद्ध करणारी उपकरणे पुरेशी तापलेली राहावीत, म्हणून सिलिंडर बंद ठेवण्याचे हेच तंत्र आता डिझेल इंजिनांसाठीही उपयोगात येऊ लागले आहे.

१८९७ मध्ये २६.२ टक्क्यांवर असलेली कार्यक्षमता महासागरी जहाजांच्या संथगती डिझेल इंजिनांत आज पन्नास टक्क्यांच्या पुढे गेली आहे. चाचणीतील ते मूळ इंजिन म्युनिकच्या जर्मन संग्रहालयात जतन केलेले आहे. रुडॉल्फ डिझेल यांची समाधी कोठेही नाही. यानमार कंपनीचे संस्थापक, जपानी उद्योजक मागोकिची यामाओका यांनी १९५७ मध्ये ऑग्सबर्ग शहराला दिलेले पाषाणांचे स्मृतिउद्यान त्या शहराच्या उपवनात उभे आहे. ज्या शहरात बारा वर्षांच्या निर्वासित मुलाला आसरा मिळाला आणि पुढे त्याचे इंजिन प्रथम फिरले, तेथेच त्यांची आठवण जपली गेली आहे.