गुरुदेव रानडे : विद्यापीठातील तत्त्वाभ्यास आणि नामसाधना

ज्या घरात पिढ्यान्‌पिढ्या हरिपाठ चालत आला आहे, त्या घरातील मूल विद्यापीठात तत्त्वज्ञान शिकावयास निघाले म्हणजे वडीलधाऱ्यांच्या मनात एक शंका हटकून उभी राहते. तर्कवितर्कांच्या रानात शिरलेले हे लेकरू नामाला पारखे तर होणार नाही ना? बोरगाव-सौसरच्या भाविक परिसरातही ही शंका अनोळखी नाही. आणि ती अनाठायी म्हणून झिडकारण्याजोगीही नाही. परंतु तिचे उत्तर वादविवादाने देण्यापेक्षा एका थोर पुरुषाच्या चरित्राने देणे अधिक श्रेयस्कर होय. ते पुरुष म्हणजे निंबाळचे संत आणि प्रयाग येथील विद्यापीठाचे तत्त्वज्ञानाचे प्राध्यापक, गुरुदेव रामचंद्र दत्तात्रेय रानडे.

गुरुदेवांचा जन्म ३ जुलै १८८६ रोजी जमखंडी येथे झाला. जमखंडी हे त्या काळी पटवर्धनांचे संस्थान होते. आज ते कर्नाटकाच्या बागलकोट जिल्ह्यात आहे. मराठी आणि कानडी या दोन्ही भाषा तेथे शेजारणींप्रमाणे नांदत. बालपणापासून दोन्ही भाषांतील संतवाणी त्यांच्या कानी पडली. सौसर-पांढुर्ण्याच्या वाचकांना, ज्यांच्या घरात मराठी आणि बाजारात हिंदी आहे, या गोष्टीचे मर्म निराळे सांगावयास नको.

१९०१ साली, वयाच्या पंधराव्या वर्षी, उमदीच्या श्रीभाऊसाहेब महाराजांकडून त्यांना नाम मिळाले. भाऊसाहेब महाराज हे निंबरगीकर महाराजांचे शिष्य. ठराविक वेळी आसनावर बसून दीर्घकाळ नामस्मरण करावे, ही त्या संप्रदायाची शिस्त. पुढच्याच वर्षी, म्हणजे १९०२ साली, मुंबई विद्यापीठाच्या प्रवेशपरीक्षेत रामभाऊंनी संस्कृतची मानाची जगन्नाथ शंकरशेट शिष्यवृत्ती मिळविली. नाम आणि विद्या अशी दोन दाने एका वर्षाच्या अंतराने त्यांच्या पदरी पडली, आणि ती दोन्ही त्यांनी अखेरपर्यंत सांभाळली.

उच्च शिक्षणासाठी ते पुण्याच्या डेक्कन कॉलेजात आले. मुंबई विद्यापीठ तेव्हा सिंधपासून कर्नाटकापर्यंतच्या विस्तीर्ण इलाख्याच्या परीक्षा घेत असे. प्रत्यक्ष अध्यापन ठिकठिकाणच्या कॉलेजांत चाले, पदवी मात्र विद्यापीठाची. गुरुदेवांचा बी. ए. चा विषय गणित होता, आणि १९०७ साली ते ती परीक्षा उत्तीर्ण झाले. गणिताचे हे वळण त्यांच्या पुढील लेखनात सर्वत्र दिसते. कोणतेही विधान पारखून घ्यावे, पायरी सोडू नये, सिद्ध न झालेले सिद्ध म्हणून सांगू नये, असा त्यांचा बाणा होता.

येथून पुढची वर्षे कसोटीची गेली. १९०९ च्या सुमारास त्यांना गंभीर दुखणे जडले. शरीर जन्माचे नाजूक झाले. पण त्या दुखण्याने नामस्मरणाची ओढ मात्र अधिक तीव्र केली. साधनेत काही अनुभव येऊ लागले, आणि बुद्धी प्रश्न विचारू लागली. हे जे दिसते, ऐकू येते, ते खरे की मनाचा खेळ? इतरांनाही असेच अनुभव आले आहेत काय? आले असल्यास त्यांत काही सामान्य नियम आहे काय? हे प्रश्न दडपून टाकणे सोपे होते, आणि त्यांच्यापायी साधना सोडणे त्याहूनही सोपे होते. गुरुदेवांनी दोन्ही केले नाही. त्या प्रश्नांसाठीच ते तत्त्वज्ञानाकडे वळले. नाम हाती आधी आले होते. त्या नामाच्या अनुभवाला बुद्धीचा आधार आहे की नाही, हे पाहण्यासाठी त्यांनी शास्त्राचे दार ठोठावले. १९३६ साली राधाकृष्णन व म्यूरहेड यांनी संपादिलेल्या ग्रंथात आपल्या विचारांची वाटचाल सांगताना त्यांनी हाच क्रम नमूद केला आहे.

१९१४ साली ते तत्त्वज्ञान विषय घेऊन एम. ए. झाले, पहिला वर्ग आणि कुलपतींचे सुवर्णपदक त्यांना लाभले. त्याच वर्षाच्या आरंभी भाऊसाहेब महाराजांनी देह ठेवला होता. पदक गळ्यात पडले तेव्हा ज्यांच्या चरणी ते ठेवावे ते गुरू राहिले नव्हते.

पुढे फर्ग्युसन कॉलेजात अध्यापन करीत असताना त्यांनी ग्रीक भाषेचा अभ्यास केला आणि हेराक्लिटस, पार्मेनिडिस, ॲरिस्टॉटल यांच्यावर निबंध लिहिले. परक्या देशाच्या विचारवंतांना परके न मानता, त्यांच्याच भाषेत त्यांचे म्हणणे ऐकून घ्यावे, हा त्यामागील हेतू. १९२४ साली पुण्यात तत्त्वज्ञान आणि धर्म यांच्या अभ्यासासाठी एक संस्था त्यांच्या पुढाकाराने स्थापन झाली. १९२६ साली उपनिषदांवरील त्यांचा इंग्रजी ग्रंथ प्रसिद्ध झाला. उपनिषदांतील विखुरलेले विचार विषयवार एकत्र आणून, ग्रीक विचारांशी त्यांची तुलना करून, त्या साऱ्यांचा शेवट आत्मसाक्षात्कारात कसा होतो हे त्यांनी त्यात दाखविले.

या ग्रंथाने त्यांचे नाव सर्वत्र झाले. प्रयाग येथील विद्यापीठाचे कुलगुरू महामहोपाध्याय गंगानाथ झा यांनी त्यांना पाचारण केले, आणि १९२७ साली गुरुदेव तेथे तत्त्वज्ञान विभागाचे प्रमुख झाले. १८८७ साली स्थापन झालेले हे विद्यापीठ १९२१ च्या कायद्याने अध्यापन करणारे निवासी विद्यापीठ बनले होते. गुरू आणि विद्यार्थी तेथे एकाच परिसरात राहत. पुढे ते कलाशाखेचे अधिष्ठाते झाले आणि काही काळ कुलगुरूपदही त्यांनी भूषविले. परंतु सुटी लागली की विजापूर भागातील निंबाळचा आश्रम त्यांना बोलावी. गुरुबंधू श्रीअंबुराव महाराज १९३३ साली समाधिस्थ झाल्यावर साधकांना मार्ग दाखविण्याचा भारही त्यांच्यावर आला.

त्याच १९३३ साली महाराष्ट्रातील संतांवरील त्यांचा मोठा इंग्रजी ग्रंथ निघाला. ज्ञानदेवांच्या ठायी बुद्धिप्रधान, नामदेवांच्या काळी सर्व जातींना सामावणारा, एकनाथांच्या ठायी समन्वयाचा, तुकोबांच्या ठायी व्यक्तिगत तळमळीचा आणि समर्थांच्या ठायी कर्मप्रवण, असे संतांच्या साक्षात्कारमार्गाचे पाच वळसे त्यांनी दाखविले. साक्षात्कार म्हणजे बुद्धी, भावना आणि इच्छाशक्ती यांना बाजूस सारणारी वेगळी वस्तू नव्हे. या तिन्हींच्या मुळाशी असणारी ती शक्ती होय, असे त्यांचे प्रतिपादन आहे. अनुभव खरा की खोटा हे ठरविण्याची खूणही त्यांनी सांगितली. तो देशकालाच्या पलीकडे सर्वत्र आढळला पाहिजे, बुद्धीला त्याने पांगळे करता कामा नये, आणि त्याने मनुष्याचे आचरण सुधारले पाहिजे.

या कार्यातले सारेच तडीस गेले असे नाही. डॉ. श्रीपाद कृष्ण बेलवलकर यांच्यासह आखलेल्या भारतीय तत्त्वज्ञानाच्या बहुखंडी इतिहासाचे दोनच खंड प्रकाशित झाले. तथापि जे हातून झाले तेही थोडके नव्हे. ज्ञानेश्वर, एकनाथ, तुकाराम व रामदास यांच्या निवडक वचनांची मराठी संकलने त्यांनी साधकांसाठी सिद्ध केली. प्रयागच्या वास्तव्यात कबीर, सूर, तुलसी यांच्या वाणीचा जो सहवास घडला, त्यातून हिंदी संतवाङ्मयातील ईश्वरमार्गावरचा ग्रंथ १९५४ साली आला. कानडी आणि मराठी संतवाङ्मयावरील त्याच मालिकेचे ग्रंथ त्यांच्या पश्चात, १९६० व १९६१ साली, प्रसिद्ध झाले. आपल्या या भागाशीही त्यांचा एक धागा जुळतो. सौसरचा मुलूख जेव्हा नागपूर राजधानी असलेल्या मध्यप्रांतात होता, त्याच काळी, १९२३ साली, नागपूर विद्यापीठ निघाले. त्याच विद्यापीठाच्या विद्यमाने गुरुदेवांनी गीतेवर व्याख्याने दिली, आणि त्यांचा ग्रंथ १९५९ साली वाचकांच्या हाती आला.

१९४६ साली निवृत्त होऊन गुरुदेव निंबाळास येऊन राहिले. ६ जून १९५७ रोजी तेथेच त्यांनी देह ठेवला.

पांढुर्णा जिल्हा २०२३ साली झाला. तेथून आज मुले-मुली नागपूर, छिंदवाडा आणि त्याहून दूरच्या विद्यापीठांत जातात. त्यांपैकी कोणी तत्त्वज्ञान किंवा धर्मशास्त्र निवडील. वडीलधाऱ्यांनी त्यांना अडवू नये. त्यांच्याबरोबर नाम द्यावे. मुलांनीही पदवीसाठी नाम गहाण टाकू नये, आणि नामाच्या सबबीवर अभ्यासात आळस करू नये. प्रश्नाला भिणारी श्रद्धा कच्ची, आणि आचरणात न उतरणारे ज्ञान वांझ, हेच गुरुदेवांच्या जवळजवळ एकाहत्तर वर्षांच्या जीवनाने दाखविले. त्यांच्या पुण्यस्मृतीस सादर प्रणाम.