कॅप्टन चार्ल्स मार्टेल

अमेरिकन व्यापारी जहाजावरील कॅप्टन चार्ल्स मार्टेल सहा फुटांहून उंच होते. १९१८ च्या सुमारास हाडे दुखू लागली, मोडू लागली; उंची सुमारे ७ इंच घटली! पॅराथायरॉईड ग्रंथी बिघडून हाडांतील कॅल्शियम रक्तात ओढत होती. ही ग्रंथी बहुधा गळ्यात असते. तेथे ६ शस्त्रक्रियांत ती सापडली नाही. तेव्हा या खलाशाने (डॉक्टरी शिक्षण नसताना) शरीररचनेचे ग्रंथ अभ्यासले व छाती उघडण्याचा आग्रह धरला. १९३२ साली बोस्टनला ग्रंथी छातीतच मिळाली. परंतु मूतखड्याच्या शस्त्रक्रियेनंतर, ६ आठवड्यांतच, ते वारले. सेस्टामिबी स्कॅन १९८९ चा. त्यात टोचलेले किरणोत्सारी द्रव्य बिघडलेल्या ग्रंथीत अधिक वेळ टिकते. छातीत दडलेली ग्रंथीही पुष्कळदा शस्त्रक्रियेआधीच दिसते.