चहावरचा कर आणि ॲबिगेलबाई

भगिनींनो, राज्यकर्ते कर बसवतात तो कागदावर. पण त्याची झळ पोहोचते ती स्वयंपाकघरापर्यंत. म्हणूनच यंदाच्या स्मरणिकेसाठी मी अमेरिकेतील ॲबिगेल ॲडम्स यांचे चरित्र निवडले आहे.

त्यांचा जन्म १७४४ साली मॅसॅच्युसेट्स प्रांतातील वेमथ गावी, एका धर्मोपदेशकाच्या घरी झाला. शाळेचे तोंड त्यांनी पाहिले नाही. घरच्या पुस्तकांवरच त्या शहाण्या झाल्या. १७६४ साली जॉन ॲडम्स या तरुण वकिलाशी त्यांचा विवाह झाला. पुढच्याच वर्षी इंग्लंडच्या पार्लमेंटाने वसाहतींवर मुद्रांक-कर लादला. दस्तऐवज, वर्तमानपत्रे, खेळायचे पत्तेसुद्धा त्यातून सुटले नाहीत. ज्या पार्लमेंटात आपला एकही प्रतिनिधी नाही, त्याने आपल्यावर कर का बसवावा, असा लोकांचा सवाल होता. मुद्रांक घ्यायचे नाहीत म्हणून न्यायालये बंद पडली. घरात पहिल्या मुलीचा पाळणा हलत होता आणि यजमानांची वकिली मात्र थांबली होती.

१७६६ साली तो कर उठला. पण १७६७ साली काच, कागद, रंग, शिसे आणि चहा यांवर नवी जकात आली. पुढे बाकीची गेली, चहावरची तेवढी राहिली. कित्येक बायकांनी तो चहा वर्ज्य केला, घरी सूत काढले. डिसेंबर १७७३ मध्ये बॉस्टनकरांनी ईस्ट इंडिया कंपनीच्या चहाच्या ३४२ पेट्या समुद्रात फेकल्या. हीच ती कंपनी, जिचे १७७५ साली मराठ्यांशी पहिले युद्ध जुंपले. सरकारने बॉस्टन बंदर बंद केले आणि असंतोषाचा भडका उडाला.

१७७४ साली जॉन फिलाडेल्फियाच्या काँग्रेसला गेले. चार मुले, शेती आणि देणीघेणी बाईंच्या अंगावर पडली. १७७५ साली लढाई सुरू झाल्यावर टाचण्यासुद्धा महागल्या. साडेसात शिलिंगांचा माल वीसवर गेला. त्यांनी यजमानांना पत्र लिहून टाचण्या मागवल्या. त्याच जूनमध्ये सात वर्षांच्या मुलाचा हात धरून टेकडीवरून त्यांनी बंकर हिलची लढाई पाहिली.

मार्च १७७६ मध्ये त्यांनी यजमानांना लिहिले, की नवे कायदे कराल तेव्हा स्त्रियांची आठवण ठेवा, नवऱ्यांच्या हाती अनिर्बंध सत्ता देऊ नका. जॉननी ते हसण्यावारी नेले. प्रतिनिधित्वावाचून कर नको म्हणणाऱ्यांना आपल्या घरातला हा प्रश्न दिसला नाही, याचे मला राहून राहून नवल वाटते.

पुढे यजमान राष्ट्राध्यक्ष झाले. १८१८ साली बाई निवर्तल्या. १८२५ साली तोच मुलगा राष्ट्राध्यक्ष झाला. स्त्रियांना मताचा हक्क देणारी घटनादुरुस्ती मात्र १९२० साली झाली. बाईंचे मागणे कानावर घ्यायला देशाला शंभरावर वर्षे लागली. पण ते प्रथम लिहिले गेले एका संसारी बाईच्या पत्रात, हे आपण विसरू नये.