आगगाडीवाले हॉर्नबी

फ्रँक हॉर्नबी यांचा जन्म इंग्लंडमधील लिव्हरपूल या बंदरात १५ मे १८६३ रोजी झाला. वडील वाणसामानाचे व्यापारी होते. सोळाव्या वर्षी शाळा सोडून फ्रँक त्यांच्याच पेढीवर रोखपाल झाले. यंत्रशास्त्राचे रीतसर शिक्षण त्यांना कधीच लाभले नाही. हिशेबाच्या वह्या हीच त्यांची विद्या. वडिलांच्या निधनानंतर त्यांनी डेव्हिड एलियट या व्यापाऱ्याकडे हिशेबनिसाची नोकरी धरली.

रोलंड व डग्लस या मुलांसाठी ते घरीच पत्रा कापून पूल आणि याऱ्या बनवीत. प्रत्येक खेळण्यास निराळे तुकडे लागत. सर्व पट्ट्यांना अर्ध्या अर्ध्या इंचावर सारखी भोके पाडली, तर त्याच पट्ट्यांतून हवे ते उभारता येईल, हे त्यांना उमगले. १९०१ मध्ये त्यांनी या कल्पनेचे पेटंट घेतले. भांडवल एलियट यांनी पुरविले. १९०७ पासून हे खेळणे ‘मेकॅनो’ या नावाने जगभर गेले.

पहिल्या महायुद्धापूर्वी इंग्लंडच्या बाजारात जर्मन खेळण्यांचे वर्चस्व होते. युद्धानंतर, १९२० मध्ये, हॉर्नबी यांनी किल्लीवर चालणाऱ्या आपल्या आगगाड्या विकावयास काढल्या. आरंभीच्या गाड्या मेकॅनोप्रमाणेच नट-बोल्टांनी जोडलेल्या असून सुट्या करता येत. १९२५ मध्ये विजेची गाडी आली.

ज्यांनी अशी गाडी चालविली आहे त्यांस ठाऊकच असेल की, ती सरळ रुळांवर नव्हे, तर बहुधा सांध्यावर घसरते. सांध्यात रुळाचे निमुळते टोक हलते. ते शेजारच्या रुळास घट्ट भिडले नाही तर चाकाचा कंगोरा फटीत शिरतो. मग एक चाक सरळ जाते, दुसरे वळते. पुढे जेथे दोन रूळ परस्परांस छेदतात, तेथे कंगोऱ्यापुरती फट ठेवावीच लागते. तीवरून जाताना चाक भरकटू नये म्हणून समोरच्या रुळाच्या आतील बाजूस एक आखूड रूळ बसवितात. तो पलीकडचे चाक आतून आवरून धरतो. आसावरील दोन चाकांतील अंतर अधिक झाले की कंगोरा छेदाच्या टोकावर आदळतो; कमी झाले की चाके अडकून रुळावर चढतात. पाहणारा मात्र बिचाऱ्या सांध्यालाच दोष देतो! अर्ध्या इंचाची भोके मोजणाऱ्या या हिशेबनिसाचा सारा व्यवसाय अशाच काटेकोर मापांवर उभा होता.

१९३१ ते १९३५ पर्यंत ते ब्रिटिश पार्लमेंटचे सभासद होते. २१ सप्टेंबर १९३६ रोजी त्यांचे निधन झाले. त्यांच्या गाड्यांच्या रुळांत ३२ मिलिमीटर अंतर असे. १९३८ मध्ये कारखान्याने साडेसोळा मिलिमीटरची धाकटी गाडी काढली. मोठ्या गाडीत खपून जाणारी केसभर चूकही तिला सांध्यावरून खाली उतरवू लागली.