चढावर धाप टाकणारं इंजिन ते हार्ले-डेव्हिडसन: विल्यम हार्लेची गोष्ट

हार्ले-डेव्हिडसन म्हटलं की आठवते रुंद हँडलची दणकट बाइक, चामड्याचं जॅकेट आणि गाडी दिसायच्या आधीच ऐकू येणारा तो आवाज. पण टाकीवर ज्याचं आडनाव पहिलं येतं, तो विल्यम सिल्व्हेस्टर हार्ले होता ड्रॉइंग बोर्डवर मान घालून बसणारा इंजिनिअर. आणि त्याचं पहिलं इंजिन चक्क फसलं होतं!

विल्यमचा जन्म २९ डिसेंबर १८८० रोजी अमेरिकेतल्या विस्कॉन्सिन राज्यातल्या मिलवॉकी शहरात झाला. आई-वडील इंग्लंडहून आलेले. पंधराव्या वर्षी तो सायकलच्या कारखान्यात कामाला लागला आणि पुढे ड्राफ्ट्समन झाला. १९०१ मध्ये त्याने सायकलला बसेल अशा छोट्या इंजिनचा आराखडा काढला. बालमित्र आर्थर डेव्हिडसन सोबतीला होताच.

इंजिन होतं सुमारे ११६ सीसीचं. सपाट रस्त्यावर ठीक, पण मिलवॉकीतला चढ आला की पेडल मारावंच लागायचं. दोघांनी ते बाजूला ठेवलं आणि नव्याने सुरुवात केली. पुढचं इंजिन सुमारे ४०५ सीसीचं होतं आणि त्याचं फ्लायव्हीलच जवळपास १३ किलोचं. ते पेलायला सायकलची फ्रेम पुरणार नव्हती, म्हणून फ्रेमही नवी केली. कारखाना म्हणजे डेव्हिडसन कुटुंबाच्या परसातली १० बाय १५ फुटांची लाकडी शेड!

विल्यमला मात्र एक गोष्ट कळून चुकली होती. केवळ हाताच्या अंदाजावर फार पुढे जाता येणार नाही. ऐन धंदा उभा राहत असताना तो मॅडिसनच्या विस्कॉन्सिन विद्यापीठात मेकॅनिकल इंजिनिअरिंग शिकायला गेला. खर्च भागवायला त्याने तिथे वाढप्याचं कामही केलं.

१९०७ मध्ये कंपनीची रीतसर नोंदणी झाली. वॉल्टर डेव्हिडसन अध्यक्ष, आर्थरकडे विक्री, थोरला विल्यम डेव्हिडसन कारखाना सांभाळणार आणि हार्ले मुख्य इंजिनिअर व खजिनदार.

१९०९ मध्ये कंपनीची पहिली व्ही-ट्विन आली. दोन सिलेंडर, एकमेकांशी ४५ अंशांचा कोन करून बसवलेले. पण हीसुद्धा फसली. मागच्या चाकाला ताकद पोचवणारा पट्टा ताणून धरायची सोय नव्हती, त्यामुळे तो घसरायचा. इंजिनात हवा-इंधन घेणारा व्हॉल्व्ह पिस्टनच्या ओढीने आपोआप उघडायचा, तेही नीट जमत नव्हतं. कंपनीने मॉडेल मागे घेतलं. दोष दूर करून, व्हॉल्व्ह यंत्रणेने उघडेल अशी रचना करून, १९११ मध्ये व्ही-ट्विन परत आली आणि टिकली.

हार्लेचा तो प्रसिद्ध आवाजही याच रचनेतून येतो. दोन्ही पिस्टन क्रँकशाफ्टवरच्या एकाच पिनला जोडलेले असतात. त्यामुळे दोन सिलेंडरमधले स्फोट समान अंतराने होत नाहीत. एक लवकर, दुसरा उशिरा. म्हणून ती अडखळती धडधड.

पहिल्या महायुद्धात अमेरिकी सैन्याला सुमारे २०,००० हार्ले पुरवल्या गेल्या. १९२० पर्यंत ही जगातली सर्वांत मोठी मोटरसायकल कंपनी झाली होती. मग महामंदी आली. १९२९ मध्ये सुमारे २१,००० गाड्या बनवणारी कंपनी १९३३ मध्ये ४,००० च्याही खाली घसरली.

अशा काळात नवं इंजिन काढणं म्हणजे जुगारच. तरीही १९३६ मध्ये ओव्हरहेड व्हॉल्व्ह असलेलं इंजिन बाजारात आलं. वरची झाकणं वळलेल्या मुठीच्या बोटांच्या पेरांसारखी दिसायची, म्हणून लोकांनी त्याला 'नकलहेड' म्हटलं. सुरुवातीला त्यातून तेल गळायचं. तीही खोड पुढे दुरुस्त केली गेली. पुढच्या मोठ्या हार्लेंचा पाया याच इंजिनाने घातला.

१८ सप्टेंबर १९४३ रोजी, वयाच्या ६२ व्या वर्षी विल्यमचं हृदयविकाराने निधन झालं. दुसरं महायुद्ध सुरू होतं आणि कारखान्यातून सैन्यासाठी गाड्या बाहेर पडत होत्या. शेवटपर्यंत तो मुख्य इंजिनिअर आणि खजिनदार होता.

हार्लेच्या मोठ्या व्ही-ट्विन इंजिनांमध्ये सिलेंडरचा कोन आजही ४५ अंशांचाच आहे. पहिल्या खेपेला फसलेली ती रचना त्याने टाकून दिली असती, तर हार्लेला हा आवाज मिळालाच नसता.