पंडिता रमाबाई आणि केडगांवच्या आंधळ्या मुली

आमच्या बुटीबोरीच्या आसपास कोणत्याही गांवांत गेलें, तरी एखाद्या घराच्या ओट्यावर एक लेंकरूं दिवसभर बसलेलें आढळतें. तें आंधळें असतें, किंवा बहिरें, किंवा त्याचा पाय लुळा असतो. घरचीं माणसें त्यास वेळेवर भाकर देतात, सणास नवें कापड घेतात; पण त्यास कांहीं शिकवावें, त्याच्या हातून कांहीं घडवावें, असें कोणाच्या मनांत येत नाहीं. अशा घरीं जाणाऱ्या आमच्या उपदेशक बंधूंनीं पंडिता रमाबाईंचें चरित्र ह्या एका बाजूनें पाहावें, एवढ्याकरितां तें येथें देत आहों.

रमाबाईंचा जन्म २३ एप्रिल १८५८ रोजीं गंगामूळ येथील अरण्यांत झाला. वडील अनंतशास्त्री डोंगरे यांनीं आपल्या पत्नीस संस्कृत शिकविलें व त्याबद्दल लोकांचा रोष पत्करला. त्याच मातोश्री लक्ष्मीबाईंनीं पुढें पहांटे उठून मुलीस धडे दिले. १८७४ सालीं दुष्काळांत आईबाप व वडील बहीण थोड्या महिन्यांच्या अंतरानें गेलीं. मग भाऊ श्रीनिवास व रमाबाई देशभर पायीं फिरत १८७८ त कलकत्त्यास पोहोंचलीं. तेथें पंडितांनीं त्यांस पंडिता व सरस्वती ह्या पदव्या दिल्या. पुढें भावाचा मृत्यु, बिपिनबिहारी मेधावी यांच्याशीं विवाह, मनोरमेचा जन्म, आणि १८८२ त वैधव्य. हें सर्व आमच्या बहुतेक वाचकांस ठाऊक आहे.

एक गोष्ट मात्र फारशी सांगितली जात नाहीं. रमाबाईंस कानांनीं नीट ऐकूं येत नसे. १८८३ सालीं त्या विलायतेस गेल्या, त्या वैद्यकी शिकण्याच्या हेतूनें. परंतु श्रवणाच्या ह्या दोषामुळें तो बेत सोडणें भाग पडलें. त्याच वर्षीं वाँटेज येथें त्यांचा व लहानग्या मनोरमेचा बाप्तिस्मा झाला. नंतर चेल्टनम येथील स्त्रियांच्या विद्यालयांत त्या स्वतः शिकत असत आणि संस्कृत शिकवीतही असत. ऐकूं न येणारी बाई शिक्षिका कशी होईल, असें आपल्याकडे आजही कोणी विचारील. आमच्या मतें शरीरांतील उणीव म्हणजे काय, हें त्यांस पुस्तकांतून शिकावें लागलें नव्हतें.

१८८६ त आनंदीबाई जोशी यांच्या पदवीदानास हजर राहण्यासाठीं त्या अमेरिकेस गेल्या व तेथें फ्रोबेलच्या बालोद्यान पद्धतीचा त्यांनीं मनापासून अभ्यास केला. ह्या पद्धतींत मुलाच्या हातीं लोकरीचे चेंडू, लांकडी ठोकळे, माती व घडी घालण्याचे कागद देतात. मूल हातानें घडवितें, गातें व त्यांतूनच शिकतें. केवळ पाटीवरील अक्षरावर शिक्षण अडून राहात नाहीं. डोळ्यांनीं अधू असलेल्या मुलास असली शाळा किती सोयीची, हें निराळें सांगावयास नको.

११ मार्च १८८९ रोजीं मुंबईंत शारदासदन उघडलें व पुढल्या वर्षीं तें पुण्यास गेलें. मग १८९६-९७ चा दुष्काळ आला. त्या काळीं आमचें नागपूर मध्यप्रांताची राजधानी होतें, आणि ह्याच मध्यप्रांतांत भुकेनें माणसें मरत आहेत हें कळतांच बाई स्वतः इकडे आल्या. आपल्या आईबापांची उपासमार त्यांस आठवत होती. सुमारें ३०० मुली व बालविधवा त्यांनीं नेल्या. पुण्याजवळ केडगांव येथें घेतलेल्या शेतांत मुक्तिसदन उभें राहिलें. १९०० च्या दुष्काळानंतर तेथील मंडळी दीड हजारांच्या वर गेली.

दुष्काळाच्या मुलांत आंधळीं पुष्कळ असत. ह्याचें कारण आज वैद्य सांगतात: हिरवी भाजी, दूध न मिळाल्यानें प्रथम रातांधळेपणा येतो व पुढें बुबुळच नासतें. शिवाय त्या काळीं देवीच्या रोगानेंही डोळे जात. असल्या मुली इतरांनीं नाकारल्या, तरी बाईंनीं ठेवून घेतल्या. आणि त्यांस केवळ पोसून त्या थांबल्या नाहींत. मनोरमाबाई परदेशांत असतां ब्रेल लिपि शिकल्या होत्या. त्यांनीं आंधळ्या मुलींस बोटांनीं वाचावयास शिकविलें. ह्या शाखेस बार्तिमी सदन म्हणत, तें शुभवर्तमानांतील आंधळ्या बार्तिमयावरून.

ही लिपि लुई ब्रेल ह्या फ्रेंच गृहस्थानें रचली. तो लहानपणीं बापाच्या कारखान्यांत आरीनें डोळा फुटून आंधळा झाला होता. सहा उठावदार ठिपक्यांच्या फेरफारानें ६३ खुणा होतात. १८२९ त त्यानें ही रीत छापली, त्यांत गायनाचे सूर लिहिण्याचीही सोय ठेविली, कारण तो स्वतः देवळांत ऑर्गन वाजवीत असे. इकडे मुंबईंत १९०० सालीं अमेरिकन मराठी मिशनच्या मिस ॲना मिलर्ड यांनीं दुष्काळांतील आंधळ्या मुलांसाठीं शाळा काढली.

केडगांवीं मुली वाचनासोबत टोपल्या विणीत, वेताचें काम करीत. पाटी विणतांना बोटांस पुढची काडी लागते, डोळ्यांची गरज पडत नाहीं. पट्ट्यांचा क्रम मनांत ठेवला कीं नक्षीही उतरते. शिकून तयार झालेल्यांनीं पुढें इतरांस शिकविलें. भजनांत तर आंधळी व डोळस हा भेदच राहात नसे. आपल्याकडे आंधळ्यास गाणें येतें असें लोक म्हणतात खरें, पण तें शिकवावें लागतें हें विसरतात.

येथें उपदेशकांस एक कामाची गोष्ट सांगून ठेवितों. २०१६ च्या कायद्यानें, ठराविक प्रमाणाहून अधिक अपंगत्व असलेल्या ६ ते १८ वर्षांच्या प्रत्येक मुलास जवळच्या किंवा त्याच्या पसंतीच्या खास शाळेंत फुकट शिकण्याचा हक्क आहे. ओट्यावरच्या लेंकराच्या आईबापांस हें कळवावें, व दाखला काढावयास त्यांच्यासोबत जावें.

शेवटचीं वर्षें रमाबाईंनीं पवित्र शास्त्राचें सोप्या मराठींत भाषांतर करण्यांत घालविलीं. छपाई मुक्तींतील मुलीच करीत. २४ जुलै १९२१ रोजीं मनोरमाबाई गेल्या. बाईंनीं तो घाव सोसून मुद्रितें तपासण्याचें काम चालू ठेविलें, आणि ५ एप्रिल १९२२ रोजीं त्याही प्रभूकडे गेल्या. संपूर्ण शास्त्र १९२४ त बाहेर पडलें. केडगांवचें मुक्ति मिशन आजही चालू आहे.